ज्ञानाची अमानत आणि कंसातले नाव

ज्ञान जर अल्लाहचेच देणे आहे, तर एखादा विचार मांडताना अमुक लेखकाचे नाव लिहिण्याचे बंधन कशासाठी? महाविद्यालयांत शोधनिबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनात हा प्रश्न येतो. ‘विद्यापीठाचा तसा नियम आहे’ एवढे उत्तर त्याला पुरेसे नाही.

नियम सोपा आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर ते अवतरणचिन्हांत ठेवावेत आणि तेथेच कंसात लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक द्यावा. विचार आपल्या शब्दांत मांडला तरी नाव आणि वर्ष द्यावेच. शब्द बदलल्याने विचाराचा धनी बदलत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला मात्र संदर्भाची गरज नसते.

या कंसाचे मर्म आपल्या परंपरेला अपरिचित नाही. हदीसच्या मजकुराआधी येणारी इस्नाद, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी, हेच कार्य करते. इमाम मुस्लिम (रह.) यांनी ‘सहीह’च्या प्रस्तावनेत इब्न सीरीन (रह.) यांचे एक कथन नोंदविले आहे. त्याचा आशय असा की, आरंभी लोक इस्नाद विचारीत नसत. फितना उद्भवल्यावर मात्र ते सांगणाऱ्यांची नावे विचारू लागले. सांगणारा विश्वासार्ह आहे काय, हे त्यांना पारखायचे होते. संदर्भ म्हणजे मालकीची पाटी नव्हे, ती साक्ष आहे. ‘ही गोष्ट माझ्यापर्यंत या वाटेने आली, आपण पडताळून पाहावी’ असे लेखक त्यातून सांगतो. दुराचारी मनुष्याने बातमी आणली तर तिची शहानिशा करावी, असा सूरह अल्-हुजुरातचा (४९:६) आदेश आहे. सांगणाराच दडवला, तर शहानिशा कशी व्हावी?

साक्ष म्हटली की ती संपूर्ण खरी हवी. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने इब्न खल्दून यांचा विचार एका मराठी ग्रंथात वाचला. मूळ ‘मुकद्दिमा’ त्याने कधी उघडलेला नाही. तरीही निबंधात तो थेट इब्न खल्दून यांचाच संदर्भ देतो आणि मराठी लेखकाचे नाव गाळतो. येथे नाव खरे आहे, पण वाट खोटी आहे. हदीसशास्त्रात मधला रावी झाकून त्याच्या वरच्याकडूनच ऐकल्याचा भास निर्माण करण्याला ‘तदलीस’ म्हणतात, आणि मुहद्दिसांनी तो दोष मानला आहे. मराठी लेखकाने आशय चुकीचा दिला असेल, तर ती चूक आता इब्न खल्दून यांच्या माथी बसते. म्हणून मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर ‘अमुक लेखकाच्या ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही, प्रामाणिकपणा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यामुळे तेवढी उचल जणू हलाल आहे, असा समज पसरतो. पण यंत्र शब्दांची जुळणी मोजते, नियत मोजत नाही. शब्द फिरवून घेतलेला विचार त्याच्या नजरेतून सुटू शकतो. अल्लाहच्या नजरेतून सुटत नाही. आपण न केलेल्या कामाबद्दल आपली प्रशंसा व्हावी, अशी इच्छा धरणाऱ्यांना सूरह आले इमरानमध्ये (३:१८८) कठोर इशारा दिला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. ज्ञान अल्लाहचे आहे, म्हणूनच ते आपल्यापाशी अमानत आहे. आणि ज्याच्या हातून ती अमानत पोहोचली, त्याचे ऋण मानणे हे आपले कर्तव्य आहे. जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही मानीत नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. इमाम कुर्तुबी (रह.) यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेत प्रत्येक वचन त्याच्या वक्त्याच्या नावे देण्याची अट स्वतःवर घालून घेतली आणि यातच ज्ञानाची बरकत असल्याचे नमूद केले.

पालकांनो, मुलांनी निबंध दाखविला की गुण किती मिळाले हे जरूर विचारा. पण त्याआधी ‘बाळा, हे कोठून घेतलेस?’ असेही विचारा. अल्लाह आम्हा सर्वांना ज्ञानाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.