अद्वैत, अमानित्व आणि करुणेचा कर्ता

आत्मा एकच असेल तर करुणा कोणी कोणावर करायची? हा प्रश्न अद्वैतविचाराला आतूनच पडतो. पाउल हाकर या जर्मन भारतविद्यावंताने तो ऐतिहासिक अंगाने मांडला: ‘तत्त्वमसि’मधून परोपकाराची नीती काढण्याची रीत मुळात शोपेनहौअरची, डॉयसेनने ती १८९३ मध्ये मुंबईच्या व्याख्यानात सांगितली आणि पुढे विवेकानंदांनी स्वीकारली. हा आक्षेप (स्वाभिमान दुखावला तरी) झटकून टाकण्याजोगा नाही.

मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे: आधी ज्ञान, मग अनुमानाने नीती. गीतेच्या तेराव्या अध्यायात हा क्रमच नाही. तेथे अमानित्व, अहिंसा, क्षांती यांनाच ‘ज्ञान’ म्हटले आहे. शंकराचार्य त्यांना ज्ञानाची साधने मानतात व त्यांस ज्ञान म्हणणे औपचारिक ठरवतात. शके १२१२ मधील ‘भावार्थदीपिका’ निराळी वाट धरते. हृदयातील ज्ञान देहावर चिन्हांच्या रूपाने उमटते, अशी ज्ञानेश्वरांची भूमिका आहे. म्हणूनच अहिंसेच्या एका पदावरील त्यांचे प्रदीर्घ विवरण ज्ञानी पुरुषाच्या चालीपाशी रेंगाळते. परमाणूंतही इवले जीव गुंतले आहेत हे जाणून तो पाऊल टाकतो. त्यात कोठेही ‘मी दया करतो’ असा उच्चार नाही. अमानित्व आणि करुणा येथे एकाच हालचालीची नावे होतात.

कर्ता असा विरघळला, तरी ज्याच्यासाठी पाऊल जपायचे तो जीव पायाखाली वेगळा उरतोच. ज्ञानेश्वर ते अंतर पुसत नाहीत. हाकरला उत्तर द्यायचे तर ते तेथून द्यावे लागेल.