फुकट दिलेले माप

निवृत्तीनंतर संगणकाचा नाद लागला. गणिताच्या मास्तराला दुसरा कसला लागणार! स्मृतिदिनाची (अझकाराची) तारीख काढण्यासाठी मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. मृत्यूची इंग्रजी तारीख घातली की पुढील वर्षांच्या तारखा मराठीत मिळत. असे प्रोग्राम पूर्वीपासून फुकट आहेत, हेबकॅल त्यांपैकीच. परंतु आमच्या वडील मंडळींना देवनागरी हवी होती. स्वतःपुरता केलेला हा प्रोग्राम मी मूळ कोडसह ओळखीच्यांत वाटला. सोबत प्रचलित एमआयटी परवाना जोडला. त्याचा आशय असा की वापरा, बदला, वाटा; वस्तू आहे तशी दिली आहे, हमी नाही, नुकसानीस कर्ता जबाबदार नाही.

19 वर्षांच्या चक्रातील 7 अधिक महिने मी चोख बसविले होते. अदारचा घोळही ध्यानात होता. साध्या वर्षी अदारात वारलेल्याचा दिवस 2024 सारख्या दोन अदारांच्या वर्षी केव्हा पाळावा, याविषयी सेफारदी व अश्केनाझी रिवाज भिन्न आहेत. म्हणून तेथे दोन्ही तारखा छापून ‘आपल्या हजानांना विचारा’ असे लिहिले. चुकलो ते सोप्या ठिकाणी. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, आणि माझा प्रोग्राम वेळच विचारीत नव्हता! दिमोना येथील एका भगिनीचे यजमान रात्री नऊला वारले होते. दोन वर्षे त्यांनी एक दिवस आधी दिवा लावला, मुलाने कद्दीश म्हटले. शेवटी नातवाने कोड वाचून चूक दाखविली. कोड उघडा नसता तर कोणाला कळले असते?

परवान्याने मी कायद्यातून सुटलो. पण खरोखर सुटलो का? पुष्कळजण म्हणतील, फुकट दिले, वर जाब कसला? आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली. विकणाऱ्याचे माप खोटे तर दोष त्याचा, हे सर्वांना मान्य. पण शेजाऱ्याला उसने दिलेले माप खोटे निघाले तर? भाडे घेतले नाही म्हणून काही गिऱ्हाइकाचे तेल पुरे होत नाही.

तरी देणाऱ्याने हात आखडावा एवढे ओझेही नको. 2024 साली उघडकीस आलेल्या एक्सझेड प्रकरणातील प्रोग्रामवर जगभरचे संगणक अवलंबून होते. सांभाळणारा जवळजवळ एकटा, तोही फावल्या वेळात. त्याच्यामागे तगादा लागला, आणि मदतनीस म्हणून शिरलेल्याने आत चोरदरवाजा बसविला. माझ्या मते देणारा नव्या सोयी देणे लागत नाही, प्रत्येक पत्राचे उत्तरही लागत नाही. पण काय तपासले नाही ते सांगणे लागतो, आणि चूक समजल्यावर ती कळविणे लागतो. फळ्यावर उदाहरण चुकले तर दुसऱ्या दिवशी वर्गापुढे कबूल करावे लागे, तसेच हे.

त्या बाईंना फोन केला. “दिवा तर लागला ना, मास्तर,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण खरी तारीख लिहून द्या.”

दुरुस्त प्रत मी माहितीतल्या सर्वांना पाठविली आहे. परंतु प्रतींवरून प्रती निघाल्या, त्या कोठे गेल्या कोण जाणे. तेव्हा ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी मृत्यू सूर्यास्तानंतर झाला होता काय, हे घरात विचारावे. झाला असल्यास मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची इंग्रजी तारीख घालावी.