बरोबरची खूण

दर गुढीपाडव्याला मी वर्षभरात करावयाच्या दहा लहानसहान साहसांची यादी वहीत लिहितो. इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत भटकावे, पातालपानी ते कालाकुंड मीटरगेजने घाट उतरावा, अशी ही बेताची साहसे. या यादीने मला घराबाहेर काढले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

एका वर्षीच्या यादीत आईला मांडूला नेणे होते. नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय राणी रूपमती अन्न घेत नसे, अशी आख्यायिका आहे. तिच्या मंडपातून निरभ्र हवेत निमाडच्या मैदानात दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. आईला तीच पाहावयाची होती. त्या सकाळी धुके होते. जहाज महाल पाहावयाचा राहिला होता, म्हणून मी तिला उठविले. "जरा थांबलो असतो तर दिसली असती," एवढेच ती म्हणाली. रात्री मी वहीत बरोबरची खूण केली. आता आईच्याने तो चढ चढवत नाही.

ती खूण खोटी होती काय? मांडूला गेलो, हे खरे. परंतु दुसऱ्याची इच्छा आपल्या यादीत घेतली, की ती पुरी झाली किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकार आपला राहत नाही. रूपमती तीच नदी रोज पाहत असे. मला एकदा थांबणेही जमले नाही.

यादी मी अजूनही करतो. ती एक खूण मात्र खोडली आहे.