समुद्राचं तिकीट

हवाईत सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात दहा वाजलेले असतात, आणि दहाला आमच्या टीमची रोजची मीटिंग असते. म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली.

ओआहू बेटावरचं हनौमा बे म्हणजे ज्वालामुखीचं एक जुनं विवर. एका बाजूने फुटलेलं, आत समुद्र शिरलेला, तळाशी प्रवाळ. १९६७ पासून ते संरक्षित आहे, पण पुढची कित्येक वर्षं तिथे रोज हजारोंनी माणसं उतरत होती, प्रवाळावर उभी राहत होती, माशांना खायला घालत होती. आता दिवसाला सुमारे १,४०० जणांना सोडतात. सोमवार-मंगळवार बंद. बाहेरच्या माणसाने दोन दिवस आधी सकाळी सातला ऑनलाइन जागा धरायची, माणशी २५ डॉलर भरायचे आणि खाली उतरण्याआधी नऊ मिनिटांची फिल्म बघायची. जागा काही मिनिटांत संपतात.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. बाबा मूळचे मालवणचे, आणि आमच्या प्रवासात हाच एक दिवस होता जो त्यांनी स्वतः मागितला होता. स्क्रिप्ट फार हुशार नव्हती. ठरल्या सेकंदाला पान उघडायचं, तारीख निवडायची, तीन नावं भरायची. मीटिंगमध्ये मी कुठल्याशा बगबद्दल बोलत होतो तेव्हा तिकिटं निघालीसुद्धा.

ही गोष्ट मी बाबांना जरा फुशारकीनेच सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे गणपतीत आपले एजंट करतात तेच की."

आमच्या घरात हे वाक्य साधं नाही. कोकण रेल्वेचं गणपतीचं आरक्षण उघडतं त्या सकाळी बाबा आंघोळ करून मोबाइल घेऊन बसतात, आणि दोन मिनिटांत वेटिंग लिस्ट दिसली की दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. त्या एजंटांना त्यांनी दिलेल्या शिव्या ऐकत मी मोठा झालो.

पहिला बचाव मी मनात असा केला, की समुद्राचं यात काय गेलं? १,४०० म्हणजे १,४००. मी गेलो काय किंवा ओहायोतलं एखादं कुटुंब गेलं काय, प्रवाळाला फरक पडत नाही. हे खरं आहे, आणि नेमकं तिथेच माझा बचाव पडतो. संख्या ठरवली की प्रवाळाचा प्रश्न बराचसा सुटतो. उरतो तो फक्त माणसांचा. आत कुणी जायचं? मी समुद्राचं काही चोरलं नाही. ज्यांची जागा घेतली ती तीन माणसं मला कधी दिसणार नाहीत. माझ्यासारखीच तीही सातला तयारीत बसली असतील, फक्त बोटांनी टाइप करत.

दुसरा बचाव असा, की ही शर्यत तशीही न्याय्य कुठे होती? चांगलं इंटरनेट, क्रेडिट कार्ड, इंग्रजी, सकाळची रिकामी वेळ ज्याच्याकडे आहे तो आधीच पुढे. मी फक्त आणखी थोडा पुढे गेलो. एजंटही बहुधा हेच म्हणत असावा.

तिथल्या एका नियमावर मात्र बाबा खूश झाले. हवाईच्या रहिवाशाने ओळखपत्र दाखवलं की पैसे नाहीत, आरक्षणाची गरज नाही. "असां व्हया," ते म्हणाले. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटर, गाभ्याचा भाग सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास. मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आमच्याच दर्यात जावक आमकां परवानगी व्हयी, हा प्रश्न बाबांनी घरात ऐकलेला. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये आलेल्या दुरुस्तीने सागरी हद्द अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायला सांगितलं, पण जाळी टाकणारा आणि गळ्यात कॅमेरा अडकवून आलेला मी, दोघांनाही 'प्रवेश' हाच शब्द लागला की गावात राग येणारच. एकाचं ते घर आहे, दुसऱ्याची सुट्टी.

पण मग सुट्टीवाल्यांचं आपापसांत काय? मला सोडत बरी वाटते. कॅलिफोर्नियातल्याच हाफ डोम कड्यावर चढायचे परवाने सोडतीने देतात. तिथे माझ्या स्क्रिप्टची किंमत शून्य. महिनाभरात कधीही अर्ज करा, रात्रपाळी करणाऱ्या नर्सलाही तेवढीच संधी. तत्त्व म्हणून मी याच्या पूर्ण बाजूने आहे. फक्त सोडत असती तर बाबा त्या पाण्यात उतरले नसते, अशी बरीच शक्यता होती. त्यांचे गुडघे पाहता पुन्हा एवढा प्रवास होईल असं वाटत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते की नाही हे मी प्रामाणिकपणे तपासलं. वाटते, पण तिकिटं परत करावीत इतकी तेव्हा वाटली नव्हती.

फिल्म संपल्यावर बाबा कंबरभर पाण्यात गेले, पायाखाली वाळूच आहे ना हे दर पावलाला बघत. मास्क लावून डोकं खाली घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. आई काठावरून ओरडत होती, "अहो, श्वास घ्या!"

परतताना गेटवर एक जोडपं आरक्षणाशिवाय आलं होतं. त्यांना परत पाठवत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही.