बाळंते आणि गंगाळ

शास्त्रवाचन : लूक २:१-७, योहान १३:१-१५



आपल्या प्रभूच्या जन्माचा वृत्तान्त लिहिताना लूकने फार थोडे शब्द वापरले आहेत. मरियेला वेदना किती झाल्या, सोबतीला सुईण होती की नाही, रात्र कशी गेली, यांविषयी तो काहीच सांगत नाही. मात्र एक गोष्ट तो आवर्जून नोंदवतो : आईने बाळाला बाळंत्याने गुंडाळले. पुढे देवदूताने मेंढपाळांना जी खूण सांगितली तिच्यातही हे बाळंते आहेच. आपल्या मराठी शास्त्रात हा शब्द वाचताना नाताळच्या देखाव्यातले शुभ्र वस्त्र आपण डोळ्यांपुढे आणतो. परंतु बाळंते म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी घरातील आजीला विचारा. जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा. बाळाला गुंडाळायचा, भिजला की काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा घ्यायचा. शब्द देही झाला तो असा देही झाला. त्याचीही बाळंती कोणीतरी बदलली आणि धुतली.

ज्या घरात एकाच वेळी दोन-तीन लहान मुले आहेत, त्या घराला हा संदेश विशेष आहे. नीट दूध पिणारे तान्हे मूल पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी निदान सहा वेळा कपडे ओले करते. जुळी असतील तर बारा वेळा, म्हणजे आठवड्याला ८४ वेळा. थोरले अजून पुरते सुटलेले नसेल तर त्याचे निराळेच. नोकरीनिमित्त माहेर-सासरपासून दूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्लीसारख्या शहरी राहणाऱ्या कुटुंबात मदतीला आजी किंवा मावशी नसते. अशा घरातील आईला प्रार्थनेला गुडघे टेकले की एक रडते, शास्त्र उघडले की दुसरे रडते. रविवारी ती मंदिरात येते, पण उपदेशाच्या वेळी ती मागच्या व्हरांड्यात असते. महिने लोटतात आणि तिच्या मनात हळूहळू एक विचार मूळ धरतो : मी देवापासून दूर पडत चालले आहे. हा विचार खोटा आहे. परंतु त्याचे उत्तर वेळीच न मिळाल्यामुळे मंडळीतील कितीतरी भगिनी मुकाट्याने मागे पडतात.

उत्तरासाठी आपण माडीवरच्या त्या खोलीत जाऊ या. प्रभू भोजनावरून उठला, त्याने बाह्यवस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. योहान पुढे सांगतो की तो शिमोन पेत्राकडे आला. या साध्या वाक्यावर क्षणभर थांबा. तो पेत्राकडे ‘आला’, याचा अर्थ तो एकापासून दुसऱ्याकडे जात होता. पाच हजारांना त्याने एका आशीर्वादाने जेवू घातले होते. पाय मात्र त्याने एकेकाचे धुतले. ज्याच्यापुढे तो वाकला होता, तेवढ्यापुरता तोच त्याचा होता. बाकीचे थांबले होते, आणि प्रत्येकाची वेळ आली. जो थोड्याच वेळात त्याला धरून देणार होता, तोही वगळला गेला नाही.

एकाहून अधिक मुले सांभाळणाऱ्या आईबापांना यापेक्षा चांगला धडा कुठे मिळेल? इसहाकाचे एसावावर आणि रिबकेचे याकोबावर अधिक प्रेम होते, असे उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या पक्षपाताची फळे त्या घराने पुढे भोगली. पक्षपाताची सुरुवात मोठ्या वारशापासून होत नाही. कोणाचे रडणे आधी ऐकले जाते, कोणाला नेहमी थांबावे लागते, येथूनच ती होते. म्हणून घरात काही क्रम असावा. ज्याने शी केली आहे त्याचे आधी, जो नुसता ओला आहे त्याचे नंतर. कारण शी त्वचेला लवकर लागते. दोघांची स्थिती सारखी असेल तर ज्याच्या अंगावर पुरळ आहे त्याला प्रथम घ्यावे. थांबलेल्या मुलाशी बोलत राहावे. “आता तुझ्याकडे येते हं,” हे शब्द त्याला अजून कळत नसतील, पण आई म्हणते तशी खरोखरच येते हे त्याला कळू लागते. दिलेला शब्द पाळणाऱ्या देवावर विश्वास ठेवण्याची पहिली पायरी कदाचित हीच असेल.

प्रभूने वाकण्यापूर्वी पाणी आणि रुमाल जवळ घेतला होता. आपणही सर्व साहित्य आधी हाताशी ठेवावे : कोरडे लंगोट, कोमट पाणी, मऊ फडकी, बदलायचे कपडे आणि झाकणाची बादली. पलंगापेक्षा जमिनीवर अंथरलेली सतरंजी बरी. एकाकडे वळताना दुसरे मूल कुशीवर होऊन खाली पडण्याचे भय राहत नाही. मुलींना पुढून मागे पुसावे. प्रत्येक मुलासाठी फडके वेगळे असावे आणि एकाचे झाल्यावर साबणाने हात धुऊनच दुसऱ्याला घ्यावे, म्हणजे एकाचे जुलाब दुसऱ्याला लागत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या थोरल्याला कोरडा लंगोट आणून देण्याचे काम सांगावे. त्याला बाजूला सारल्यासारखे वाटणार नाही आणि सेवेचा पहिला पाठही मिळेल. लंगोटातील साबण पाण्याने पूर्ण निघू द्यावा व ते शक्यतो उन्हात वाळवावेत. रात्री किंवा प्रवासात बाजारचे डायपर वापरण्यात काही गैर नाही. मात्र ते तासन् तास तसेच ठेवू नये.

आता बापांना दोन शब्द. मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ साली विवाहित जीवनावर एक पुस्तिका लिहिली. बाप लंगोट धुऊ लागला आणि लोक त्याला बायकी म्हणून हसले, तर स्वर्गात देव आपल्या दूतांसह आनंदाने हसतो, अशा आशयाचा विचार त्यांनी तीत मांडला आहे. देवाच्या आनंदाचे कारण धुतलेले कापड नसून तो बाप हे काम विश्वासाने करतो हे आहे, असेही ते सांगतात. हे लिहिले तेव्हा ल्यूथर अविवाहित होते. १५२५ साली कॅथरीना फॉन बोरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १५२६ ते १५३४ या काळात त्यांच्या घरात सहा मुले जन्मली. आज कोणी ख्रिस्ती पुरुष म्हणेल की हे बायकांचे काम आहे, तर त्याने गंगाळाकडे पाहावे. पाय धुणे हेही त्या काळी दासांचे काम होते, आणि प्रभूने ते स्वतः केले. दोन मुले असतील तर दोन हात पुरत नाहीत. चार हात हवेत. दहा मिनिटांचे हे काम पत्नीच्या हातून घेणारा पती तिला प्रार्थनेची दहा मिनिटे परत देतो.

मंडळीचेही यात कर्तव्य आहे. आपण मंदिराला रंग देतो, ध्वनिक्षेपक घेतो. पण तान्ह्यांच्या आयांसाठी एक स्वच्छ खोली, सतरंजी, पाणी, साबण आणि उपदेश ऐकू येईल अशी सोय किती ठिकाणी आहे? आळीपाळीने एखादी वडीलधारी भगिनी किंवा तरुण संघातील कोणी मुलांजवळ बसले, तर ती आई प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत येऊ शकेल.

आणि एका शेजाऱ्याला आपण विसरू नये. वापरलेले डायपर आपण टाकतो, ते कोणाच्या तरी हातांत जातात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही ते नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकली. आधी शी शौचालयात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावा आणि त्यावर ओळखू येईल अशी खूण करावी. आपल्या लेकराची घाण आपण प्रेमाने काढतो. सफाई कामगाराला मात्र ती उघड्या हातांनी उचलावी लागली, तर आपले प्रेम उंबरठ्याशीच संपले असे होईल.

यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना एका टाकून दिलेल्या नवजात मुलीची उपमा देतो. तिला कोणी धुतले नव्हते, बाळंत्यात गुंडाळले नव्हते. परमेश्वर तिच्याजवळून जातो, तिला पाहतो, तिला जगवतो आणि पुढे स्वतः तिला धुऊन वस्त्र पांघरतो. भगिनी, भल्या पहाटे दुसऱ्या बाळाकडे वळताना तू देवाच्याच कामात आहेस. तो दूरच्या वेदीपाशी तुझी वाट पाहत बसलेला नाही. त्या सतरंजीवर तो तुझ्याबरोबर वाकलेला आहे. तुझी प्रार्थना एका लंगोटाएवढ्या वेळेची असली तरी ती पुरते. एका बाळाला घेताना त्याचे नाव घे, दुसऱ्याला घेताना त्याचे घे. एकेकाला नावाने ओळखणारा मेंढपाळ ती ऐकतो.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी बाळंत्यात गुंडाळला गेलास आणि आमच्यासाठी कमरेला रुमाल बांधलास. लहान मुलांच्या थकलेल्या आईबापांना आज बळ दे. त्यांच्याजवळ जाऊन हात लावण्याची बुद्धी आम्हांला दे. ज्याची वेळ अजून आली नाही त्याला तुझ्या येण्याची खात्री दे. आमेन.