ताण आणि मजुरी

अमरावती जिल्ह्यातील वरूड गावाभोवती संत्र्यांच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्यास सन 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; परंतु आम्हांस बागवानाच्या एका कामाविषयी बोलावयाचे आहे. आंबिया बहार धरावयाचा असता तो डिसेंबराच्या सुमारास झाडांचे पाणी बंद करितो. ह्यास ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात. तरी तो भीत नाही. मात्र तो वरचेवर बागेत जाऊन झाडे पाहतो, कारण हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, आणि मर्यादा ओलांडली तर झाड वाळते. मग तो पाणी देऊन ताण तोडितो, व झाड फुलाने भरते.

पुढे फळे तोडणीस येतात. व्यापाऱ्याचा पैसा लांबला की बागवान तोडणाऱ्यांस "पुढच्या बाजारी या" म्हणतो. (व्यापारी त्यासही पुष्कळदा नाडितो, हे आम्ही जाणतो.) पण त्या मजुरांच्या चुलीस बसलेला ताण कोण पाहतो? अडकविलेल्या मजुरीविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांस बजाविले आहे. ज्या बंधूंच्या बागेत या आठवड्यात तोडणी झाली असेल, त्यांनी रविवारी उपासनेस येण्यापूर्वी तोडणाऱ्यांच्या घरी जाऊन यावे.