विसर्जनानंतरची वाटणी

जबलपूरच्या छावणीतील सदर बाजाराला पलटणींच्या येण्याजाण्याची सवय आहे. एक पलटण जाते, दुसरी येते. शिंपी, धोबी, दुकानदार मात्र तेथेच राहतात. परंतु पलटणीची बदली होणे निराळे आणि पलटणच नाहीशी होणे निराळे. पहिल्या प्रसंगी शिपाई आपल्या निशाणासह जातो. दुसऱ्या प्रसंगी निशाण उतरते, शिपाई तेवढा उरतो, आणि त्याचे काय करावयाचे हे दुसरेच कोणी ठरवते.

हॉकीच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. रूपसिंह यांचा जन्म १९०८ साली जबलपूरचाच. त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद १९२२ साली पहिल्या ब्राह्मण पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाले. हॉकीचे खरे शिक्षण त्यांना सैन्यातच मिळाले. अठराव्या शतकात उभी राहिलेली ती पलटण १९२२च्या फेररचनेत पहिल्या पंजाब रेजिमेंटमध्ये सामावली गेली आणि १९३१ साली विसर्जित झाली. ध्यानचंद यांची पुढील नोकरी चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये झाली. ज्या पलटणीत ते घडले ती संपली. त्यांच्या हातातील कसब संपले नाही. संघ आणि खेळाडू यांचे आयुष्य असे असमान असते. तेव्हा संघ संपल्यावर त्याच्या खेळाडूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न केवळ नियमावलीचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

व्यावसायिक खेळाने या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर शोधले आहे. उत्तर अमेरिकेत लाक्रोस नावाचा, जाळीदार काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ आहे. तेथील मूळ रहिवाशांनी त्याला ईश्वरदत्त मानले. त्याच खेळाच्या व्यावसायिक स्पर्धांत एखादा संघ बंद पडला, की उरलेले संघ त्याचे खेळाडू आळीपाळीने निवडून घेतात. ही रीत आपल्याकडेही आली. अधिकाऱ्यांच्या सट्टेबाजीमुळे २०१५ साली इंडियन प्रीमियर लीगमधील चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. त्या डिसेंबरात पुणे आणि गुजरात या नव्या संघांनी त्यांच्या खेळाडूंतून प्रत्येकी पाच जण आळीपाळीने उचलले. पुण्याने प्रथम महेंद्रसिंह धोनी आणि नंतर अजिंक्य रहाणे यांना घेतले; गुजरातने सुरेश रैना आणि रवींद्र जडेजा यांना. मोबदला निवडीच्या क्रमाने ठरलेला होता : पहिल्यास साडेबारा कोटी, दुसऱ्यास साडेनऊ, पाचव्यास चार. उरलेले पुढील फेब्रुवारीत लिलावाकडे वळले. जडेजांना हा अनुभव नवा नव्हता. त्यांचा कोची संघ २०११ साली एकाच हंगामानंतर बरखास्त झाला होता.

एवढ्या रकमा ऐकल्यावर खेळाडूविषयी सहानुभूती बाळगणे अवघड जाते. पण मोबदला मोठा असला म्हणून प्रश्न लहान होत नाही. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न असा होता, की धर्मराजाने आधी स्वतःला हरवले की मला? जो स्वतःचाच उरला नाही, त्याचा दुसऱ्यावर अधिकार कसा उरेल? भीष्मांनाही त्याचा निर्णय देता आला नाही. बरखास्त संघाविषयी हाच प्रश्न विचारता येईल. करार संघाशी होता. संघच नाही, तर त्याच्या वतीने खेळाडू दुसऱ्याच्या हाती सोपवणारा कोण?

यावर उत्तर असे, की स्पर्धेत उतरतानाच खेळाडू तिचे नियम मान्य करतो. शिवाय ही वाटणी नसेल, तर श्रीमंत संघ उत्तम खेळाडू गोळा करतील आणि सामान्य खेळाडू वाऱ्यावर पडेल. या युक्तिवादात तथ्य आहे. वाटणीने उपजीविका वाचते. माणसाला केवळ साधन मानू नये, असे कान्ट म्हणतो. त्यातील ‘केवळ’ हा शब्द आपण विसरता कामा नये. परस्परांच्या उपयोगी पडण्यात अनीती नाही. अनीती आहे ती ज्याचे भवितव्य ठरते त्यालाच न विचारण्यात. शिवाय, नियम मान्य करणे निराळे आणि नियमापलीकडे पर्यायच नसणे निराळे.

म्हणून वाटणी आणि आसरा यांत भेद करावयास हवा. वाटणीत मालमत्तेचे काय होईल एवढेच पाहावयाचे असते. आसऱ्यात आलेल्याला काय हवे हेही विचारावे लागते. बाह्यतः दोन्ही कृती सारख्याच दिसतील : माणूस एका दारातून निघून दुसऱ्या दारात गेला. फरक एवढाच, की आसरा देणारा त्याचे मत घेतो, त्याची मागील सेवा मोजतो, आणि ज्याला कोणीच निवडले नाही त्याचीही जबाबदारी घेतो. व्यवस्थेची कसोटी पहिल्या निवडीत लागत नाही. धोनी कोणालाही हवेच असतात. ती लागते यादीतील शेवटच्या नावापाशी.

२०१७च्या हंगामानंतर पुणे आणि गुजरात हे संघही संपले, आणि जडेजा चेन्नईस, रहाणे राजस्थानास परतले. परतायला घर शिल्लक होते, हे त्यांचे भाग्य. विसर्जित पलटणीला असे घर नसते. तिच्या शिपायाला नवे निशाण देता येते. पण ते त्याच्या हाती देताना त्याचे जुने निशाण कोणते, हे विचारण्याइतकी माणुसकी नव्या पलटणीत असावी.